पाच सापांची खोली: न्यू जर्सीतल्या एका तळघराचं प्रकरण

आई एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी येणार हे ठरलं, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो साप कुठे जाणार याचा. तिला द्यायची खोली म्हणजे लेकीच्या खोलीशेजारची, आणि ती तोवर सापांनी बळकावलेली होती. दोन बॉल पायथन (चकली आणि बुंदी), दोन कॉर्न स्नेक (केशर आणि मका). पाचवा, केनियन सँड बोआ, अजून यायचा होता. लेक सोळा वर्षांची, तिचा हा तिसऱ्या वर्षाचा नाद, आणि खरं सांगायचं तर मी त्याला कधी मनापासून विरोध केला नव्हता.

उपाय समोरच होता. बेसमेंटमधली दहा बाय बाराची खोली, जिच्यात जुने सूटकेस आणि गणपतीची आरास पडून असायची. माझा धंदा एअर कंडिशनिंगचा. वीस वर्षं ऑफिसं आणि हॉस्पिटलं यांची हवा मी सांभाळली आहे. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये मी ज्या थाटात म्हणालो की ‘खोली माझ्यावर सोड’, तो थाट या प्रकरणाचं मूळ आहे.

आधी कागदपत्रं. न्यू जर्सीत बिनविषारी साप पाळायलाही राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो, शेजारच्या काही राज्यांत लागत नाही. प्राणी कुठून घेतला त्याच्या पावत्या म्हणूनच लेकीने जपून ठेवल्या होत्या. कॉर्न स्नेकची तर इथे वेगळी गंमत आहे: दुकानात सर्रास मिळणारा हा साप राज्याच्या दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्स जंगलात अजून रानटी सापडतो आणि न्यू जर्सीच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. म्हणजे रानातून उचलला तर गुन्हा, आणि पाळलेल्याचा हिशेब चोख हवा. घराच्या विमा कंपनीलाही लेखी विचारून घेतलं. बर्मीज पायथनचा विषय मात्र लेकीनेच काढला नाही. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सुटून त्याने तिथले प्राणी कसे फस्त केले ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि 2012 सालापासून तो केंद्राच्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीतही आहे.

हे वाचून पुण्या-नाशकात कोणी खोली रिकामी करायला निघणार असेल, तर थांबा. भारतातला साप घरी ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती धामण असो की मांडूळ. सर्पमित्रालाही पकडलेला साप घरी ठेवता येत नाही. परदेशी जातींचं वेगळं. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या याद्यांतल्या प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. खोलीचा विचार त्यानंतर.

आता माझी चूक.

माझ्या धंद्यात चांगलं काम म्हणजे सगळीकडे सारखी हवा. खिडकीजवळ बसणाऱ्याला थंडी वाजते आणि मधल्या टेबलावरचा घामाने निथळतो अशी तक्रार आली की माझी मान खाली. तीच सवय मी बेसमेंटमध्ये घेऊन उतरलो. भिंतींना इन्सुलेशन केलं, 1500 वॉटचा तेलाचा हीटर लावला, वर हवा ढवळायला छोटा पंखा. नोव्हेंबरच्या शेवटी खोली कुठेही मोजा, 28 अंश सेल्सिअस, फार तर अर्धा अंश इकडेतिकडे. प्रत्येक पेटीत वेगळा हीटर कशाला, खोलीच गरम केली की झालं, असा हिशेब. मला त्या आकड्याचा अभिमान वाटला होता, तो फोटो मी ऑफिसमध्ये दाखवलासुद्धा.

पहिली कुरबुर केशरने केली. ती दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहायला लागली. साप पाण्यात बसला की आधी अंगावर गोचीडवर्गातले बारीक किडे आहेत का ते बघतात, भांड्याच्या तळाशी काळ्या मिरीच्या भुग्यासारखे दिसतात ते. नव्हते. मग बुंदीने खाणं सोडलं. बॉल पायथनचे नर हिवाळ्यात आपणहून उपास धरतात, त्यामुळे याचं खापर खोलीवर फोडायला माझी आजही तयारी नाही. पण तिसरी गोष्ट नजरेआड करण्यासारखी नव्हती. चकलीची कात तुकड्यातुकड्यांत निघाली, जुन्या भिंतीचे पोपडे निघावेत तशी, आणि एका डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला. सापाला पापणी नसते, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबर निघायला हवा. निरोगी सापाची कात तोंडापासून शेपटापर्यंत अखंड उतरते, मोजा उलटा करून काढावा तशी.

तुकड्यांत निघालेल्या कातीचं कारण मला कळायला हवं होतं, कारण ते माझ्याच धंद्यातलं गणित आहे. हवा तापवली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची तहान वाढते. 18 अंशांच्या बेसमेंटमध्ये 40 टक्के असलेली आर्द्रता 28 अंशांवर साधारण 22 टक्क्यांवर येते. बाहेर उणे पाच अंश असताना जी हवा फटींतून आत येते ती तर घरातल्या तापमानाला दहा टक्क्यांच्या आसपास. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून आलेल्या बॉल पायथनला हवी 55 ते 70. मी त्याला राजस्थानात नेऊन ठेवलं होतं.

केशरचं कारण मात्र लेकीने समजावलं, आणि तेही जरा चिडूनच. ‘बाबा, त्यांना कुठेच जाता येत नाहीये.’

साप स्वतःचं शरीर आतून तापवत नाही. उंदीर पचवायचा तर तो उबेत जातो, पचला की गारव्यात येतो. कात टाकायच्या आधी ओलसर जागा शोधतो. दिवसभर त्याची ही ये-जा चालू असते. बॉल पायथनला एका टोकाला 31 ते 33 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 लागतात. कॉर्न स्नेकला गरम टोक 29-30, थंड टोक 22 ते 24. माझ्या 28 मध्ये चकलीला पुरेशी ऊब कुठेच नव्हती आणि केशरला गारवा कुठेच नव्हता, म्हणून ती पाण्यात. मी सगळ्यांची सरासरी काढली होती आणि ती एकालाही मानवत नव्हती. वीस वर्षं जी तक्रार मिटवायचे पैसे घेतले, तीच तक्रार इथे मुद्दाम घडवून आणायची होती.

मग डिसेंबरात सगळं उलटं केलं. खोलीची हवा 22 वर आणली. त्यासाठी छोटा हीट पंप बसवला, कारण उन्हाळ्यात तोच उलटा चालवून गारवाही मिळतो आणि न्यू जर्सीतल्या दमट बेसमेंटला ते लागतंच. पंखा काढून टाकला. पंखा काढल्यावर जमिनीलगत 20 आणि छताजवळ 25 असा फरक आपोआप पडला. हीच गोष्ट मी आधी ‘दोष’ म्हणून पुसून टाकली होती. आता तिच्यावरच मांडणी केली: कॉर्न स्नेक खालच्या थरात, बॉल पायथन वर, सँड बोआची जागा मध्ये. फरकाचा अर्धा भार खोलीने उचलला, उरलेला प्रत्येक पेटीतल्या हीटरने.

पेट्या पीव्हीसीच्या, पुढून उघडणाऱ्या, चार फूट बाय दोन बाय दोन. एका पेटीत एकच साप, यात तडजोड नाही. ड्रॉवरसारख्या प्लास्टिकच्या खणांची रॅक स्वस्त पडते आणि मोठ्या प्रमाणावर पैदास करणारे तीच वापरतात, पण साप लांब पडून अंग ताणू शकत नाही अशी जागा मला गोदामासारखी वाटते. इथे लेकीचं आणि माझं एकमत होतं. पेटीच्या छताला आतून 80 वॉटचं रेडियंट पॅनेल, एका टोकाला. दोन्ही टोकांना लपायची जागा, कारण ऊब हवी की लपणं हवं असं निवडायला लावलं तर साप लपणं निवडतो आणि थंडीत बसून राहतो.

सँड बोआ दिसायला आपल्या मांडुळाचा चुलतभाऊ, आहेही त्याच कुळातला. त्याच मांडुळाच्या मागे आपल्याकडे गुप्तधनाच्या भाकडकथा लावून लाखोंच्या तस्करीच्या बातम्या येतात. सँड बोआ रेतीत पुरून राहतो, त्याला वरून ऊब देऊन उपयोग नाही. त्याच्या पेटीला खालून हीट मॅट लावली. इथे एक मेख आहे: मॅटवर जेवढी जास्त रेती, तेवढी मॅट जास्त तापते, कारण उष्णता वर निघू शकत नाही. म्हणून थर्मोस्टॅटचा सेन्सर रेतीच्या वर ठेवून चालत नाही, तो मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये हवा. पोटाखालचा चटका सापाला वेळेत उमगत नाही. भाजून निघाला तरी जागचा हलत नाही, असे साप इथल्या पशुवैद्यांकडे नित्य येतात.

आर्द्रतेसाठी मी आधी खोलीत ह्युमिडिफायर लावून बघितला. दहा दिवसांत बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी. खोली ओली करणं हा चुकीचा रस्ता होता, खोली गरम करण्यासारखाच. पेटीत नारळाच्या काथ्याचा जाड थर, त्यात अधूनमधून पाणी, वायुवीजनाच्या भोकांपैकी काही बंद, आणि एका डब्यात ओलं शेवाळ. चकलीच्या डोळ्यावरचा पापुद्रा चिमट्याने काढायचा मोह आवरला. ओलसर डब्यात तिला रोज थोडा वेळ ठेवलं, तरी त्या वेळी निघाला नाही. फेब्रुवारीत डोळे पुन्हा निळसर झाले, ही कात जवळ आल्याची खूण, आणि आठवड्याभराने कात अखंड उतरली, जुन्या पापुद्र्यासकट. ती कात लेकीने अजून वहीत ठेवली आहे.

विजेचा हिशेब करताना मला आणखी एकदा शरम वाटली. अमेरिकेतलं साधं सर्किट 120 व्होल्ट, 15 अँपिअरचं, म्हणजे 1800 वॉट. तासन्‌तास चालणारा भार त्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच ठेवायचा, म्हणजे 1440. माझा एकटा हीटर 1500 चा, आणि त्याच सर्किटवर लाइट आणि एक्स्टेंशनच्या पट्ट्यांवर पट्ट्या जोडलेल्या. महिनाभर जळालं नाही हे नशीब. नंतर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वेगळं 20 अँपिअरचं सर्किट ओढून घेतलं, गावाच्या इन्स्पेक्टरकडून तपासून घेतलं. आता पॅनेल, मॅट, लाइट सगळं एकदम चालू झालं तरी 400 वॉट. थर्मोस्टॅटमुळे ते एकदम चालू राहतच नाहीत, पेट्यांचा खर्च दिवसाला चार युनिटच्या आत बसतो. बेसमेंटमध्ये रोज तास-दोन तास कोणी बसणार म्हणून जमिनीतून झिरपणाऱ्या किरणोत्सर्गी राडॉन वायूची चाचणीही केली. मर्यादेच्या वर आली, पाइप आणि पंखा बसवावा लागला. सापांचा त्याच्याशी संबंध नाही, पण त्यांच्यामुळे कळलं.

मार्चमधली घटना या सगळ्यात महत्त्वाची. रात्री अकराला लेक लाइट बंद करायला गेली, तर बुंदीच्या पेटीच्या गरम टोकाला वेगळा ठेवलेला थर्मामीटर 41 दाखवत होता. थर्मोस्टॅट मात्र निवांत. बुंदीने रात्रीच्या फेरीत सेन्सरची वायर ओढली होती आणि सेन्सर पाण्याच्या भांड्यात पडला होता. पाणी गार, म्हणून थर्मोस्टॅटच्या लेखी पेटी गारच, आणि पॅनेल न थांबता चालू. बुंदी थंड टोकाच्या लपणीत वेटोळं घालून बसला होता, तिथे 29 होतं. त्याला काही झालं नाही. माझ्या नोव्हेंबरच्या खोलीत जर मुख्य सेन्सर असा फसला असता, तर एकाही पेटीत पळायला जागा नव्हती.

थंडीत साप सुस्तावतो, खात नाही, लांबलं तर श्वसनाचा आजार धरतो, पण आपल्याला एक-दोन दिवस मिळतात. उष्म्यात तासही मिळत नाहीत. म्हणून बिघाड झालाच तर तो थंडीच्या बाजूने व्हावा. आता प्रत्येक हीटरच्या मागे ओळीने दोन थर्मोस्टॅट आहेत: पहिला रोजचा, दुसरा साधा यांत्रिक, 36 अंशांना वीज तोडणारा. दोघांचे सेन्सर वेगवेगळ्या जागी, स्क्रूने आवळलेले. चिकटपट्टी पेटीच्या आत कधीच नाही, ती सापाच्या खवल्यांना चिकटली तर कातडी घेऊन निघते.

एप्रिलमध्ये आई आली. ती सांगलीकडची, बत्तीस शिराळ्यापासून फार लांब नाही असं माहेर. नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका तिने लहानपणी पाहिल्यात, पुढे कोर्टाने त्या बंद केल्या तेही तिला माहीत. मी उगाच समजावायला गेलो की हे दूध पीत नाहीत. ‘साप दूध पीत नाही हे मला कोणी सांगायला नको,’ म्हणाली. ‘उसात घोणस कुठे बसते ते विचार.’

तिच्यामुळे स्वच्छतेचे नियम कागदावर आले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो, साप ठणठणीत असला तरी. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी त्यांना हात लावू नये, असा इथल्या आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे. आई चौऱ्याहत्तरची. म्हणून ती दाराच्या काचेतून बघते, आत जात नाही. भांडी बेसमेंटमधल्या सिंकमध्येच धुवायची, वर स्वयंपाकघरात नाही. गोठवलेल्या उंदरांचा फ्रीझर वेगळा, कुलपाचा, कारण गोठवून साल्मोनेला मरत नाही. उंदीर पिशवीत ठेवून आधी गार, मग कोमट पाण्यात सोडायचा, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. श्रावणात वर अंडंसुद्धा आणायचं नाही आणि खाली साठ उंदीर, ही विसंगती आईने एकदाच बोलून दाखवली आणि सोडून दिली.

मे महिन्यात केशर पळाली. पेटीची सरकती काच बंद होती, पण कुलूप लावलं नव्हतं. कॉर्न स्नेक काच अंगाने ढकलतो. खोलीचं दार बंद होतं, आणि मी त्यावर विसंबलो. विसरलो होतो ते छत: बेसमेंटचं फॉल्स सीलिंग, सुट्या चौकोनी टाइल्सचं. भिंतीवरच्या पाइपावरून वर चढून टाइल उचलली की अख्ख्या तळघराचा माळा तिचा. टॉर्च घेऊन चार दिवस शोधलं. पाचव्या दिवशी आई म्हणाली, ‘पिठी टाका, वाट दिसेल.’ रांगोळी नको, तो दगडाचा भुगा, म्हणून तांदळाची पिठी घेतली आणि भिंतींच्या कडेने, दारांच्या उंबऱ्यावर, पातळ पट्टे ओढले. दोन रात्री काही नाही. तिसऱ्या सकाळी वॉटर हीटरच्या कोनाड्यापुढे एक नागमोडी रेघ. हीटरच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, इन्सुलेशनच्या घडीत ती बसली होती. पळालेला साप ऊब, अंधार आणि अरुंद जागा शोधतो, लांब जात नाही. आठ दिवस झाले होते.

त्यानंतर खोलीत सलग जिप्सम बोर्डाचं छत आलं. हवेच्या झरोक्यांवर बारीक जाळी, पाइपांभोवती स्टील वूल आणि त्यावर सील, दाराखाली रबरी पट्टी. बेसमेंटच्या सांडपाण्याच्या खड्ड्यावर स्क्रूचं झाकण. साप कुठून जाईल याचा अंदाज करायचा तर त्याचं डोकं कुठून जाईल ते बघावं, अंग मागून येतंच. दार आत उघडणारं आणि काचेचं, म्हणजे आधी जमीन बघून मगच आत पाऊल.

सँड बोआ जूनमध्ये आला. नव्वद दिवस तो खोलीत नाही, वरच्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, वेगळ्या भांड्यांसकट, आणि त्याचं सगळं दिवसाच्या शेवटी करायचं. तेविसाव्या दिवशी त्याच्या पाण्यात ती काळी मिरी दिसली. खोलीत थेट नेला असता तर चारांना लागली असती. औषधाचा तपशील पशुवैद्याने सांगितला तसा केला, तो इथे देत नाही, कारण मात्रा चुकली तर त्यानेच साप मरतात.

ऑगस्टमध्ये नागपंचमीला आईने नेमाप्रमाणे विळी-तवा बंद ठेवला आणि पुरणाची दिंडं उकडली. संध्याकाळी ती काचेपाशी उभी राहिली. चकली काथ्यात अर्धी रुतून बसली होती. ‘हे किती वर्षं जगतं?’ तिने विचारलं. सांभाळलं तर वीस-तीस, मी म्हणालो, आणि सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातली गोष्ट सांगितली: तिथल्या बॉल पायथन मादीने 2020 साली सात अंडी घातली, किमान बासष्ट वर्षांची असताना, आणि पंधराएक वर्षं नराजवळ न जाता. आईने लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘ही पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार. मग?’

लेकीने त्या आठवड्यात दोन पानं लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावली. कुठल्या सापाला किती दिवसांनी काय, कुठला थर्मोस्टॅट कशाला, पशुवैद्याचा नंबर, वीज गेली तर काय. 2012 च्या सँडी वादळात आमच्या गल्लीत नऊ दिवस वीज नव्हती, त्यामुळे शेवटचा मुद्दा सगळ्यात लांब आहे: उशांचे अभ्रे, थर्मोकोलचे डबे, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून. इन्व्हर्टर मी मागवला आहे. जोडून, मेन बंद करून, एक रात्र तरी चालवून बघायचा राहिला आहे. तो थंडीच्या आत बघायचा, असं त्या कागदावर खाली लाल पेनाने माझं नाव घालून लिहिलेलं आहे.